जायंट्सची ८१-८१ आणि फ्री एजंटचा बाजार: मोठा मासा गळाला का लागत नाही?

फ्रीमाँटकर (१९ नोव्हेंबर २०२५)

लिहू की नको करत करत शेवटी धागा काढतोच, कारण घरात कोणी ऐकून घेत नाही आणि ऑफिसात निम्मे लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचे फॅन निघालेत, बे एरियात राहून, आता बोला. तर विषय आपली जायंट्स, सॅन फ्रान्सिस्कोची बेसबॉल टीम. २०२१ ला १०७ मॅचेस जिंकली, त्यानंतर ८१, ७९, ८० आणि यंदा परत ८१. १६२ पैकी ८१ म्हणजे बरोब्बर निम्म्या, पास पण नाही आणि नापास पण नाही, आमच्या वेळी याला एटीकेटी म्हणायचे.

आणि दर हिवाळ्यात तेच. नोव्हेंबर उजाडला की "यंदा मोठा प्लेअर आणणार" सुरू होतं. २०२२ ला आरन जज येणार होता, पोरगा लिंडेनचा, इथून दोनेक तासांवर, लहानपणी जायंट्सचाच फॅन. एका नामांकित पत्रकाराने घाईघाईत "आर्सन जज जायंट्सकडे" असं ट्विट पण ठोकलं (आर्सन म्हणजे जाळपोळ, टायपोसुद्धा कसा नशिबाला साजेसा), काही मिनिटांत मागे घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जज न्यूयॉर्कच्या यांकीजकडेच राहिला, ९ वर्षं ३६० मिलियन डॉलर. मग आठवड्याभरात कार्लोस कोरेया ठरला, १३ वर्षं ३५० मिलियन. २० डिसेंबर, मंगळवार, मला अजून आठवतंय, त्याची प्रेस कॉन्फरन्स होती, मी सकाळीच दुसऱ्या मॉनिटरवर लिंक उघडून ठेवलेली, चहाचा कप मायक्रोवेव्हमध्ये गरगर फिरतोय, आणि फोनवर आलं की कार्यक्रम पुढे ढकलला. मेडिकलमध्ये, म्हणजे सहीआधीच्या डॉक्टरी तपासणीत, काहीतरी निघालं. तो चहा मी दुपारी बेसिनमध्ये ओतला.

तर मला खरंच समजून घ्यायचंय की टीम हे सगळं ठरवते कशी? म्हणजे ३५० मिलियन हा आकडा येतो कुठून, आणि एका एक्सरेवर तो जातो कसा? जाणकारांनी लिहा. डॉजर्सवाल्यांनी पण लिहा, पण हळू.

सोनचाफा

नमस्कार, मी नाशिकची, लेक सनीव्हेलला असते. मागच्या वर्षी जूनमध्ये तिच्याकडे गेले होते तेव्हा जावयांनी त्या पाण्याकाठच्या स्टेडियममध्ये नेलं होतं. जून महिना आणि मी शाल गुंडाळून बसलेली, वारं नुसतं कानात घुसत होतं, आणि चहूकडे लसणाचा वास. बटाट्याच्या तळलेल्या कापांवर एवढा कच्चा लसूण घालतात हे मला माहीत नव्हतं, पण चव छान होती. खेळ मात्र अर्धाच कळला. हे फ्री एजंट म्हणजे काय? आपल्या आयपीएलसारखा लिलाव होतो का?

गणिती_गोट्या

ताई लिलाव नसतो, तोच तर घोळ आहे. आयपीएलमध्ये प्रत्येक टीमकडे ठरलेली थैली असते, मागच्या मोठ्या लिलावात १२० कोटी होती, त्यातले २७ कोटी लखनौने एकट्या पंतवर घातले, पण सगळं कसं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पॅडल वर करा आणि बोला. इथे थैलीला वरून टोपण नाही आणि समोरचा किती बोलतोय ते तुम्हाला दिसत नाही, फक्त एजंट फोनवर सांगतो की "अजून एक टीम आहे हो". ती टीम खरंच आहे की नाही हे देव जाणे आणि बडा एजंट स्कॉट बोरास जाणे.

फ्री एजंट म्हणजे ज्याचा कोणाशी करार उरलेला नाही असा प्लेअर. पण तिथवर पोचायला मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, सहा वर्षं काढावी लागतात, आणि वर्ष म्हणजे १७२ दिवस रोस्टरवर, टीमच्या यादीत. तोपर्यंत ज्या टीमने वर आणलं तिचेच तुम्ही. पहिली तीनेक वर्षं जवळजवळ किमान पगारावर, यंदा तो ७,६०,००० डॉलर होता, मग तीन वर्षं लवादाने ठरवलेला पगार, आणि मग सुटका. म्हणजे पोरगा बाविसाव्या वर्षी आला तरी मोकळा होईपर्यंत अठ्ठावीस-एकोणतीसचा होतो. इथेच सगळी मेख आहे बघा, बॅट्समनची सगळ्यात चांगली वर्षं साधारण सव्वीस ते तीसमध्ये असतात आणि ती त्याने स्वस्तात खेळलेली असतात. बाजारात येतो तेव्हा त्याला मागच्या वर्षांचे पैसे पाहिजे असतात आणि टीमला पुढची वर्षं पाहिजे असतात.

टीम लोकं पण काय कमी नसतात. २०१५ ला शिकागोच्या कब्सनी क्रिस ब्रायंटला सीझन सुरू झाल्यावर थोड्या दिवसांनी वर बोलावला, वर्षअखेर त्याचे दिवस भरले १७१. एक दिवस कमी. म्हणजे अजून एक अख्खं वर्ष कब्सच्या ताब्यात. भाऊने तक्रार केली, २०२० मध्ये हरला.

अण्णा_एनजे

गोट्या बरोबर बोलतोय पण थोडा इतिहास पण सांगा की नव्या लोकांना. आधी तर ही सहा वर्षांची सुटका पण नव्हती, एकदा सही केली की जन्माची गाठ, टीमने विकलं तर तिकडे जायचं. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या कार्डिनल्सनी कर्ट फ्लड नावाच्या प्लेअरला फिलाडेल्फियाच्या फिलीजला देऊन टाकला तेव्हा तो म्हणाला मी काय गुरंढोरं नाही, आणि कोर्टात गेला, सुप्रीम कोर्टापर्यंत लढला आणि जिंकला म्हणून आज हे पोरं मिलियनमध्ये खेळतायत.

गणिती_गोट्या

अण्णा जिंकला नाही, हरला. १९७२, ५ विरुद्ध ३. त्याचं करिअर त्यातच संपलं. दार उघडलं ते १९७५ च्या डिसेंबरात, पीटर साइट्झ नावाच्या लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन प्लेअरच्या बाजूने निकाल दिला तेव्हा. मालकांनी साइट्झला लगेच काढून टाकलं ते वेगळं.

अण्णा_एनजे

हो हो बरोबर, हरला. वय झालं माझं. पण मुद्दा तोच. आणि मालक लोक नंतर पण सुधारले नाहीत, ऐंशीच्या दशकात सगळ्यांनी गुपचूप ठरवून एकमेकांचे प्लेअर घेणंच बंद केलं, पकडले गेले, २८० मिलियन भरपाई द्यावी लागली. म्हणून मला कोणी सांगतं ना की प्लेअर लोक लोभी झालेत, तर मी म्हणतो बाबा रे आधी हिशोब बघ कोणाचा किती.

फ्रीमाँटकर

इतिहास मस्त, पण आकडा कुठून येतो ते सांगा ना. गोट्या तू तर एक्सेलवाला माणूस.

गणिती_गोट्या

सांगतो, पण हा ढोबळ हिशोब आहे, प्रत्येक टीमचं स्वतःचं गुप्त मॉडेल असतं आणि ते याहून बरंच बारीक असतं.

एक आकडा असतो वॉर. समजा तुमचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) उद्या पाय मुरगळून घरी बसला आणि तुम्ही सॅक्रामेंटोच्या ज्युनिअर टीममधून कोणीतरी किमान पगाराचा पोरगा उचलून उभा केला, तर वर्षात किती मॅचेस कमी जिंकाल? चार कमी, तर तो शॉर्टस्टॉप चार वॉरचा. बाजारात अशा एका विजयाचा भाव साधारण ८-९ मिलियन डॉलर धरतात.

आता आपला विली अडामेस घे. डिसेंबर २०२४, ७ वर्षं १८२ मिलियन, वय २९. ८-९ च्या भावाने १८२ म्हणजे टीमला सात वर्षांत मिळून २१ विजय मिळाले पाहिजेत. पहिल्या वर्षी साडेचार धर, तिशीनंतर दर वर्षी अर्धा अर्धा उतरत जातो असं मानतात, तर साडेचार, चार, साडेतीन, तीन, अडीच, दोन, दीड. बेरीज कर. बरोब्बर २१. म्हणजे शेवटच्या दोन वर्षांत तू वर्षाला सरासरी २६ मिलियन देऊन दीड-दोन विजयांचा माणूस खेळवणार, हे सही करतानाच सगळ्यांना माहिती असतं. फॅन लोक पाचव्या वर्षी ओरडायला लागतात की हा म्हातारा झाला, पैसे वाया. अरे वाया नाही, उधारी आहे ती. पहिल्या तीन वर्षांचं बिल तू शेवटच्या तीन वर्षांत भरतोयस.

मिसळ_विथ_पाव

म्हणजे आमच्या सोसायटीने रंगकाम केलं तसं, भिंत तीन वर्षांत पोपडे धरते आणि ईएमआय सात वर्षं 😄

फ्रीमाँटकर

अडामेसवरून आठवलं, यंदा शेवटच्या दिवसांत त्याने तिसावा होमरन (आपल्या सिक्सरसारखा) मारला तेव्हा कळलं की जायंट्सच्या कोणी ३० मारायला २००४ नंतर हा पहिला. २००४ मध्ये बॅरी बाँड्स होता. एकवीस वर्षं!! याला कारण आपलं मैदान पण आहे, उजवीकडे मध्ये ती ४१५ फुटांची खोबण आहे, तिथे मारलेला बॉल दुसऱ्या कुठल्या गावात होमरन असतो तो इथे वाऱ्याने थांबून फील्डरच्या हातात पडतो. मोठा बॅट्समन येताना हे बघणारच की, पुढचा करार आकड्यांवर ठरतो आणि इथे आकडे पडतात. त्यात कॅलिफोर्नियाचा १३.३ टक्के टॅक्स, टेक्सास-फ्लोरिडात शून्य. त्यात आणि शहराबद्दल काय काय ऐकलेलं असतं लोकांनी. हे मी नाही म्हणत, जायंट्सचाच जुना स्टार बस्टर पोझीने स्वतः २०२३ मध्ये सांगितलं होतं की जपानी स्टार ओहतानीच्या वेळी ते आड आलं असावं. आता तोच पोझी टीम चालवतोय. म्हणजे आम्हाला प्लेअर निवडायचा असतो हे अर्धंच झालं, त्याने आम्हाला निवडायला पाहिजे.

ठाणेकर_टोरांटो

ओहतानीचं नाव काढू नका प्लीज. ८ डिसेंबर २०२३, शुक्रवार. बातमी आली की ओहतानी टोरांटोला निघालाय, आणि आम्ही येडे, हजारो लोक, कॅलिफोर्नियाहून निघालेलं एक खासगी विमान फोनवर ट्रॅक करत बसलो. मी जेवणाचं ताट पुढे घेऊन बघत होतो ते टिंब कुठे पोचलं. विमान उतरलं आणि आतून निघाला रॉबर्ट हर्यावेक, टीव्हीवर दिसणारा बिझनेसमन. आमटी गार. दुसऱ्या दिवशी ओहतानी डॉजर्सकडे, १० वर्षं ७०० मिलियन.

आणि यंदा वर्ल्ड सीरिज, म्हणजे लीगची फायनल, सातवी मॅच, आमच्याच घरात, अकरावी इनिंग, ४-५. समोर कोण, तर तोच. मी तीन दिवस कोणाशी बोललो नाही. पण एक गोष्ट सांगतो, फ्रीमाँटकर, तुमचा पिचर (बॉलर म्हणा) केव्हिन गॉसमन आमच्याकडे किती छान चाललाय बघा. २०२१ ला तुमच्या १०७ वाल्या टीममध्ये होता, तुम्ही सोडला, आम्ही ५ वर्षं ११० मिलियनला घेतला, यंदा वर्ल्ड सीरिजच्या दोन मॅच त्यानेच सुरू केल्या.

फ्रीमाँटकर

जखमेवर मीठ. आणि गॉसमनच्या बदल्यात आम्हाला काहीच मिळालं नाही, एक साधा ड्राफ्ट पिक (नवी पोरं निवडायची पाळी) सुद्धा नाही.

सोनचाफा

बदल्यात काय मिळतं? करार संपला तर संपला ना?

फ्रीमाँटकर

काकू इथे एक गंमत आहे, क्वालिफाइंग ऑफर म्हणतात. प्लेअर मोकळा होण्याआधी जुनी टीम त्याला म्हणू शकते की एक वर्षाचे एवढे घे आणि राहा. आकडा ठरलेला असतो, लीगमधल्या सगळ्यात महाग १२५ पगारांची सरासरी, यंदा २२.०२५ मिलियन. प्लेअर हो म्हणाला तर एक वर्ष राहिला. नाही म्हणून दुसरीकडे गेला तर जुन्या टीमला ड्राफ्टमध्ये जास्तीचा पिक मिळतो आणि नव्या टीमचे पिक कापले जातात. कालच यंदाची मुदत संपली, चौघं हो म्हणाले.

पण अट अशी की ही ऑफर एका प्लेअरला आयुष्यात एकदाच. गॉसमनने ती २०२० ला आमच्याकडूनच घेऊन टाकली होती, त्यामुळे २०२१ ला परत देता आली नाही, गेला तो फुकट गेला. आणि हेच परत पिचर ब्लेक स्नेलच्या वेळी. त्याला सॅन डिएगोच्या पाद्रेसने ऑफर दिलेली, तो नाही म्हणाला, बाजारात भाव मिळेना, मार्च उजाडला तरी घरीच, शेवटी आम्ही २ वर्षं ६२ मिलियनला घेतला आणि वर एका वर्षाने सोडून जायची मुभा. त्याच्यासाठी आणि मॅट चॅपमनसाठी मिळून दुसऱ्या-तिसऱ्या राउंडचे पिक गेले. सीझनआधीच्या कँपला उशिरा आल्यामुळे सुरुवातीच्या सहा मॅचेस नुसता मार खाल्ला, ९.५१ चा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन), मग दुखापत, मग जुलैपासून असा काही फिरला की २ ऑगस्टला सिनसिनाटीत नो-हिटर, अख्ख्या मॅचमध्ये एकही हिट नाही. आम्ही नाचतोय. नोव्हेंबरात त्याने मुभा वापरली आणि गेला कुठे तर डॉजर्सकडे, ५ वर्षं १८२ मिलियन. पिक गेला, पिचर गेला, बदल्यात १०४ इनिंग.

अण्णा_एनजे

ही जी मधे सोडून जायची मुभा देतात ना, ऑप्ट आउट, ती माझ्या मते टीमने मूर्खपणाने दिलेली गोष्ट आहे. छापा पडला तर तू जिंकलास आणि काटा पडला तर मी हरलो. चांगला खेळला तर जाणार, वाईट खेळला तर तुझ्याच गळ्यात.

गणिती_गोट्या

अण्णा एवढं सरळ नाहीये. मुभा दिली की वर्षं कमी द्यावी लागतात. स्नेलला मुभा नसती दिली तर त्याने पाच-सहा वर्षं मागितली असती आणि जायंट्सना ती द्यायची नव्हती. मुभा म्हणजे पैशाच्या जागी दिलेली चिल्लर आहे. आणि कधी कधी फायदा पण होतो, पिचर कार्लोस रोडॉन बघा, त्याच जायंट्सकडे २०२२ ला २ वर्षं ४४ मिलियन, एक वर्ष झकास टाकली, मुभा वापरून निघाला, पण त्याला क्वालिफाइंग ऑफर देता आली, तो यांकीजकडे गेला (अण्णा, १६२ मिलियन, तुमच्याच खिशातले) आणि जायंट्सना पिक मिळाला. म्हणजे तीच चाल, एकदा जमली एकदा फसली, फरक फक्त आधी ऑफर मिळाली होती की नव्हती एवढाच. हे असले बारके कागद जो वाचतो तो जिंकतो.

पिकला पण हलकं समजू नका. २००८ ला यांकीजनी कॅलिफोर्नियातल्याच एंजल्सकडून मार्क टेशेरा घेतला, ८ वर्षं १८० मिलियन, २००९ ला कप पण जिंकला, सगळे खूश. त्या बदल्यात एंजल्सना २५ वा पिक मिळाला. त्या पिकवर त्यांनी न्यू जर्सीच्या शाळेतला एक पोरगा उचलला, माइक ट्राउट, पुढे लीगचा सगळ्यात मोठ्या स्टारपैकी एक.

अण्णा_एनजे

माझ्या घरापासून दीड तासावरचा पोरगा. गप्प बसतो.

मिसळ_विथ_पाव

मग एंजल्स एवढे हुशार तर वर का नाहीत?

गणिती_गोट्या

कारण नंतर ते स्वतः बाजारात गेले 😂 डिसेंबर २०११, अल्बर्ट पूहोल्स, १० वर्षं २४० मिलियन, एकतीस पूर्ण करून बत्तिशीला टेकलेला. सेंट लुईसला जे खेळला ते परत कधी दिसलं नाही, दहाव्या वर्षी मे महिन्यात सोडून दिला. कार्डिनल्सना त्याच्या बदल्यात जो पिक मिळाला त्यावर मायकल वाका आला आणि २०१३ ला त्यानेच त्यांना वर्ल्ड सीरिजला नेलं. मग २०१९ ला एंजल्सनी अँथनी रेंडॉन घेतला, ७ वर्षं २४५ मिलियन. एकाही सीझनमध्ये ५८ पेक्षा जास्त मॅचेस नाही. आणि एंजल्सना हसायला नको, त्याच आठवड्यात वॉशिंग्टनच्या नॅशनल्सनी स्वतःच्या पिचर स्टीफन स्ट्रासबर्गला तेवढेच २४५ मिलियन दिले, वर्ल्ड सीरिजचा हिरो होता, त्यानंतर तो आठ मॅचेस टाकू शकला. आठ.

सोनचाफा

बापरे. मग दुखापतीचे पैसे कापत नाहीत?

फ्रीमाँटकर

नाही काकू, करार गॅरंटीड असतो, माणूस घरी बसला तरी पूर्ण पैसे. म्हणूनच मेडिकल एवढं महत्त्वाचं. सही आधी तोंडी ठरते, मग डॉक्टर, मग कागद.

सोनचाफा

मग त्या कोरेयाच्या बाबतीत तुमच्या टीमचं काही चुकलं असं मला नाही वाटत. आमच्या नात्यात एक असंच झालं होतं, हॉल बुक, याद्या झालेल्या, पत्रिका छापून आलेल्या आणि आठ दिवस आधी मुलाकडची एक गोष्ट कळली. मुलीच्या वडिलांनी लग्न मोडलं. सगळे म्हणाले पत्रिका छापल्यावर कोणी मोडतं का, लोक काय म्हणतील. ते म्हणाले पत्रिकेचे दोन हजार गेले, पोरीचा जन्म नाही गेला. तेरा वर्षांचं स्थळ आहे हो, एक दिवसाची लाज किती धरायची?

ठाणेकर_टोरांटो

काकूंना टीमचा जीएम (जनरल मॅनेजर) करा 🙏

गणिती_गोट्या

+१. आणि पुढचं पण ऐका काकू. जायंट्सनी हात आखडला त्याच रात्री न्यूयॉर्कच्या मेट्सनी उचलला, १२ वर्षं ३१५. मेट्सचे डॉक्टर पण त्याच पायावर अडकले, २०१४ ला ज्युनिअरमध्ये असताना ऑपरेशन होऊन धातूची पट्टी बसवलेली. तिथेही फिसकटलं. जानेवारीत शेवटी मिनेसोटाने घेतला, ६ वर्षं २०० मिलियन, पुढची वर्षं तो खेळत राहिला तरच. म्हणजे एका पायाच्या शंकेने निम्मी वर्षं आणि १५० मिलियन. ही खरी किंमत असते एक्सरेची. टीम असं नाही म्हणत की पाय मोडेल, टीम म्हणते की सदतिसाव्या वर्षी काय होईल ते आम्हाला माहीत नाही, तर तेवढी वर्षं आम्ही विकत घेत नाही.

फ्रीमाँटकर

आमच्या इथे घरं घेताना उलटं चालतं, इन्स्पेक्शन सोडून द्या, आहे तसं घेतो लिहून द्या, नाहीतर बोली हातची जाते. माझ्या एका मित्राने असंच घेतलं आणि पहिल्या पावसात त्याला कळलं की पाया कुठे आहे. त्यामुळे मला आता त्या मंगळवारचा राग जरा कमी येतो. जरा.

मिसळ_विथ_पाव

पण हे सगळं डॉजर्सना का लागू होत नाही? ते तर सगळंच घेतात.

गणिती_गोट्या

लागू होतं, पण त्यांचा खिसा वेगळा आहे, २०१३ चं त्यांचं टीव्हीचं डील २५ वर्षं ८.३५ बिलियनचं. लीगमध्ये वरची मर्यादा नाही, पण टीमच्या एकूण पगारावर लक्झरी टॅक्स आहे, यंदा उंबरठा २४१ मिलियन. ओलांडला की वरच्या रकमेवर पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी ५०, आणि फारच वर गेलात तर त्यावर आणखी ६० पर्यंत. म्हणजे सगळ्या पायऱ्या चढलेल्या टीमला पुढचा २० मिलियनचा प्लेअर ४२ मिलियनला पडतो. बहुतेक मालक इथे दचकतात. आणि उंबरठा ओलांडलेल्या टीमने क्वालिफाइंग ऑफरवाला घेतला तर पिक पण जास्त जातात. जायंट्स २०२४ ला ओलांडून गेले होते म्हणून अडामेसच्या वेळी एक नाही, दोन पिक गेले.

ओहतानीचं तर विचारूच नका. ७०० पैकी ६८० मिलियन नंतर, २०३४ ते २०४३, बिनव्याजी. सध्या वर्षाला फक्त २ मिलियन घेतो. टॅक्सच्या हिशोबात ७० ऐवजी साधारण ४६ धरले जातात, कारण वीस वर्षांनी मिळणारा रुपया म्हणजे आजचा रुपया नव्हे. तरीही ४६ म्हणजे काही स्वस्त नाही, लोक समजतात २ मिलियनला मिळाला. आणि तोवर तो कॅलिफोर्निया सोडून गेला तर इथला टॅक्सही वाचू शकतो त्याचा.

अण्णा_एनजे

आमच्या शेजारच्या मेट्सनी बॅट्समन हुआन सोटोला १५ वर्षं ७६५ मिलियन दिले, एक पैसा उधार नाही. पण मेट्सना उधारीचा अनुभव आहे, बॉबी बोनिया नावाच्या जुन्या प्लेअरचे ५.९ मिलियन थकवले ८ टक्के व्याजाने, आता २०३५ पर्यंत दर १ जुलैला ११,९३,२४८ डॉलर देतायत. माणूस साठीच्या पुढे गेला. माझी पेन्शन पण एवढी वेळेवर येत नाही.

फ्रीमाँटकर

असो. आता मूळ मुद्दा, यंदा काय. माझं मत बदललंय हा धागा वाचून. मी आलो होतो काइल टकर आणा म्हणत, राइट फील्ड रिकामं आहे, जानेवारीत एकोणतीसचा होईल, सगळं बसतंय. पण तो क्वालिफाइंग ऑफर नाकारून आलाय, म्हणजे पिक जाणार, आणि आधीच आपल्याकडे डेव्हर्सचा ३१३ मिलियनचा करार जूनमध्ये बॉस्टनकडून आलेला, अडामेसचे १८२, चॅपमनचे १५१. तिघंही बॅट्समन, तिघांचेही शेवटचे हप्ते एकाच सुमारास येणार, २०३० च्या आसपास. गोट्याची ती साडेचार-चार-साडेतीनवाली उतरंड तीनदा मांडून बघा एकाखाली एक, मी काल रात्री मांडली, बायको म्हणाली कसले हप्ते, आपण काय घेतलं? चौथी उतरंड त्याच वर्षांवर नको. त्यापेक्षा दोन-तीन वर्षांच्या करारावर येणारे दोन पिचर घ्या, वर्षाला पैसे जास्त द्या, वर्षं कमी द्या.

गणिती_गोट्या

वर्षं कमी द्या म्हणायला काय जातंय, पण चांगला पिचर दोन वर्षांवर येतो कशाला? जो येतो त्याच्यात काहीतरी असतं. एक तर वय, नाहीतर कोपर, नाहीतर स्नेलसारखा मार्चपर्यंत बसलेला. यंदा व्हरलँडरला एक वर्षाचे १५ मिलियन दिलेच की, बेचाळीस वर्षांचा, ४ जिंकल्या, ११ हरल्या, ४-११ करून गेला. बरा टाकला शेवटी शेवटी, पण ४-११.

अण्णा_एनजे

आणि पिचरवर लांब करार म्हटलं की तुमचा झीटो आठवतो, ७ वर्षं १२६ मिलियन. २०१० ला कप जिंकला तेव्हा त्याला प्लेऑफच्या टीममध्ये पण घेतलं नव्हतं.

फ्रीमाँटकर

अण्णा झीटोला काही बोलायचं नाही. २०१२, सेंट लुईस, आम्ही सीरिजमध्ये ३-१ ने मागे, पुढची हरलो की घरी, आणि तो उभा राहिला आणि एक रन दिला नाही. मग वर्ल्ड सीरिजची पहिली मॅच व्हरलँडरच्या विरुद्ध, ती पण जिंकली. मी त्या दिवशी बारमध्ये एका अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडलोय. वॉरच्या हिशोबात तो करार बुडीतच आहे, मान्य. पण त्या दोन मॅचेसचे मी स्वतः काही मिलियन दिले असते, असते तर.

गणिती_गोट्या

हे मात्र एक्सेलमध्ये बसत नाही.

सोनचाफा

त्या कोरेयाचा पाय आता कसा आहे पण?

गणिती_गोट्या

काकू त्याला मिनेसोटात टाचेच्या दुखण्याने दोन वर्षं सतावलं. ज्या पट्टीवरून एवढं रामायण झालं तिने अजून काही केलेलं नाही. या जुलैत त्याला परत ह्यूस्टनला पाठवला, त्याच्या पहिल्या टीमकडे, आणि तो घेऊन जावा म्हणून मिनेसोटाने वर ३३ मिलियन दिले.

सोनचाफा

म्हणजे माहेरी.

फ्रीमाँटकर

😂 काकू. डिसेंबरात ऑरलँडोला विंटर मीटिंग्ज (सगळ्या टीमवाल्यांची हिवाळी बैठक) आहेत, तेव्हा धागा वर आणतो. प्रेस कॉन्फरन्सची लिंक मात्र यावेळी मेडिकलचा निकाल आल्यावरच उघडणार, आणि चहा आधी पिऊन घेणार.

ठाणेकर_टोरांटो

आमचा बो बिशेटही यंदा मोकळा झालाय, त्याच्यावर डोळा ठेवू नका म्हणजे झालं.